ख्रिस्ती ‘कारभारीपण’ ही कल्पना आशियातील संस्कृतीला परकी आहे का?

आपल्या प्रश्नाचा आशय असा आहे की, मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, कारभारीपणावर (जे आहे ते देवाचे आणि आपण त्याचे केवळ व्यवस्थापक, या शिकवणीवर) जी प्रवचने होतात त्यांत दशमांश म्हणजे उत्पन्नाचा दहावा हिस्सा, टक्केवारी आणि वार्षिक वर्गणीची वचनपत्रे यांचाच उल्लेख अधिक असतो, त्यामुळे ती कल्पना पाश्चात्त्य वाटते. आशियातील जीवनात आणि अध्यात्मात तिला स्वतःचे मूळ आहे का? मी अहमदनगर जिल्ह्यातील प्रॉटेस्टंट कुटुंबात वाढलो आणि या प्रश्नाने मलाही बराच काळ छळले आहे. मूळ आहे, आणि ते हिशेबाच्या वहीपेक्षा चुलीपाशी शोधावे, असे माझे मत आहे.

आधी शब्द पाहू. नव्या करारातील ग्रीक शब्दाचा अर्थ धन्याच्या घराची व्यवस्था पाहणारा सेवक असा आहे, आणि मराठी बायबलमध्ये त्याच्यासाठी ‘कारभारी’ हा शब्द आला. तो आपल्याला समजावून सांगावा लागत नाही. पेशव्यांच्या शिक्क्यात आधी ‘राजा शाहू नरपति हर्षनिधान’ असे धन्याचे नाव येते आणि मग ‘मुख्य प्रधान’ म्हणून पेशव्यांचे. सारी सत्ता पुण्यात एकवटली तरी पेशवाईची वस्त्रे साताऱ्याहूनच यावी लागत. कारभाऱ्याचा अधिकार मोठा असतो, पण मालकी त्याची नसते, आणि कारभारीच धनी होऊन बसला म्हणजे काय घडते हेही आपल्या इतिहासाने पाहिले आहे. बायबलमधील लूकच्या शुभवर्तमानाच्या सोळाव्या अध्यायात धनी कारभाऱ्याकडे कारभाराचा हिशेब मागतो, तो प्रसंग म्हणूनच मराठी वाचकाला जवळचा वाटतो. दशमांशही मुळात पश्चिम आशियातील शेतकऱ्यांचा आणि मेंढपाळांचा होता, धान्याचा आणि कळपाचा होता. आपल्यापर्यंत मात्र तो पगार आणि पावती यांच्या भाषेत पोहोचला.

आता चुलीकडे येतो. मिझोरामच्या प्रेस्बिटेरियन मंडळीत १९१० पासून ‘बुहफाइ थाम’ नावाची प्रथा चालू आहे. बुहफाइ म्हणजे कांडून साफ केलेला तांदूळ आणि थाम म्हणजे मूठ. घरातील स्त्री प्रत्येक वेळी भात शिजवण्यापूर्वी मोजून घेतलेल्या तांदळातून एक मूठ काढून वेगळ्या भांड्यात टाकते, मंडळीतील स्त्रिया ते तांदूळ घरोघरी जाऊन गोळा करतात, आणि ते विकून येणारा पैसा सुवार्तेच्या व सेवेच्या कामासाठी जातो. प्रथा सुरू होऊन एक-दोन वर्षे होतात न होतात तोच १९११-१२ मध्ये तेथे बांबू फुलला, उंदीर माजले, पिके गेली आणि मिझो लोक ज्याला ‘माउताम’ म्हणतात तो दुष्काळ पडला. तरीही मुठीची प्रथा मोडली नाही. मिझो समाजात ‘त्लॉमङाइह्ना’ नावाचा एक संस्कार ख्रिस्ती धर्म येण्याच्या आधीपासून होता: कोणी न सांगता, स्वतःला तोशीस लावून, दुसऱ्याच्या उपयोगी पडणे. मूठ त्या संस्कारात सहज बसली, असे मला वाटते.

या प्रथेतील बारकावा असा की मूठ कच्च्या तांदळातून काढायची असते, शिजलेल्या आणि उरलेल्या भातातून नाही. म्हणजे दान उरलेल्यातून होत नाही. ते आधी होते आणि मग घर जेवते, एक मूठ कमी जेवते. ज्या घरात रोख पैसा दिसतच नाही त्या घराला दहावा हिस्सा काढा असे सांगणे व्यर्थ आहे, पण चूल पेटत असेल तर मूठ निघू शकते. कोरियातील मंडळ्यांतही स्त्रिया अशीच मूठ काढत, तिला ‘सोंगमी’ म्हणतात, आणि तेथील चोन्दोग्यो या देशी धर्मातही हीच प्रथा आढळते. तमिळनाडूत ‘पिडि अरिसि’ म्हणजे मूठभर तांदूळ मंडळ्यांसाठीही निघाला आणि हिंदू मठांच्या अन्नदानासाठीही. आपल्याकडे विनोबांनी सर्वोदय पात्राची कल्पना मांडली, तेव्हा घरातील मुलाने रोज मूठभर धान्य त्या पात्रात टाकावे असे त्यांनी सुचवले. एवढ्या वेगवेगळ्या लोकांना एकच खूण सुचावी यामागे मला एक समान जाण दिसते: जे पहिले आणि उष्टे न झालेले, ते आपले नव्हे.

येथे आशियाई संस्कृतीचे सरसकट गुणगान करण्याचा मोह होतो, आणि तो मी मनापासून टाळू इच्छितो. आमचे पूर्वज गावकीतले होते. त्यांना बलुते मिळे, दारोदार भाकरी मागावी लागे, आणि पुष्कळदा जे मिळे ते उष्टेच असे. त्या व्यवस्थेत दान होते, पण देणारा वर आणि घेणारा खाली हे पक्के ठरलेले होते. म्हणून माझी आजी ज्वारी दळायला काढताना एक मूठ पत्र्याच्या डब्यात टाकत असे, त्याचे मोल मला फार उशिरा कळले. ज्यांचा हात शतकानुशतके पुढे पसरलेला होता तो हात आता देत होता, आणि धान्य मूळचे देवाचे मानल्यामुळे कोणी कोणाचा अन्नदाता ठरत नव्हता. संस्कृतीने मूठ दिली, पण त्या मुठीतील उच्चनीच शुभवर्तमानाने काढून घेतले. दोन्ही गोष्टी एकत्र सांगितल्या नाहीत तर उत्तर अपुरे राहील. तसेच हेही सांगितले पाहिजे की धान्य स्त्रियांनी काढले, पण ते कोठे खर्चायचे हे ठरवणाऱ्या सभांत दीर्घकाळ पुरुषच बसत आले. कारभारीपणाचा विचार करताना हा हिशेबही मागितला पाहिजे.

अध्यात्माच्या बाजूने विचारले तर मराठी माणसाजवळ तुकोबांचा आधार आहे. ‘जोडोनियां धन उत्तम वेव्हारें । उदास विचारें वेच करी’ यातील ‘उदास’ म्हणजे खिन्न नव्हे, अलिप्त. सचोटीने मिळवावे आणि त्यात मन न गुंतवता खर्च करावे, याहून नेमकी कारभाऱ्याची व्याख्या मला सापडलेली नाही. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो असे म्हणणारे रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी १९१७ मध्ये मिशनची पगारी नोकरी सोडली आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ उभा केला. त्यात बाप्तिस्मा घेतलेल्यांना आणि न घेतलेल्यांनाही जागा होती. १९१९ मध्ये ते वारले आणि तो प्रयोग फार काळ चालला नाही, परंतु मिशनच्या पगारावर पोसलेली मंडळी देणारी कशी होईल, हा त्यांचा प्रश्न खरा होता आणि आजही आहे.

आपण नोकरी करता आणि दळण गिरणीतून पिशवीबंद येते, तेव्हा मूठ कशी काढावी, हेही आपण विचारले आहे. मी स्वतः दशमांश देतो आणि त्याला विरोध करण्याचे मला कारण दिसत नाही, पण टक्केवारीचा हिशेब महिन्यातून एकदाच होतो. म्हणून आमच्या घरी किराणा भरताना तांदूळ आणि डाळ डब्यांत ओतण्यापूर्वी त्यातील वाटा वेगळ्या पिशवीत काढतो, आणि ती पिशवी मंडळीतील एका वृद्ध विधवेच्या घरी जाते. वाटा काढण्याचे काम मुलीकडे आहे. परवा पिशवी हलकी वाटली म्हणून तिने कोणी न सांगता आणखी एक मूठ टाकली.