साखरपुड्याची अंगठी आणि बाबांचं कर्ज

*ताई, पुढच्या महिन्यात माझा साखरपुडा आहे. होणारा नवरा चाकणला एका कारखान्यात लेथवर काम करतो. म्हणतो, "अंगठी घालीन, पण रोज नाही." माझ्या मैत्रिणींचे नवरे आंघोळीलासुद्धा काढत नाहीत. मी मंगळसूत्र, जोडवी, बांगड्या सगळं घालायचं आणि त्याला एक अंगठी जड होते? शिवाय त्याच्या आईने तोळ्याची अंगठी हवी म्हणून सांगितलंय. बाबा त्यासाठी पतपेढीतून कर्ज काढतायत. एवढं करून ती कपाटातच राहणार असेल तर काय उपयोग?*
*– एक वाचक, चिंचवड*

अगं, राग रास्त आहे तुझा, पण पत्ता चुकलाय.

आधी लेथचं बोलू. या मशीनच्या चकजवळ, म्हणजे धातूचा तुकडा पकडून गरगर फिरवणाऱ्या भागाजवळ, ज्याचा हात जातो त्याने अंगठी घालूच नये. कारखान्यात मशीनच्या जागी शिरताना अंगठी, कडं, घड्याळ काढायला लावतात ते उगाच नाही. अंगठी अडकून हात जोरात ओढला गेला, तर बोटाची कातडी शिरांसकट मोज्यासारखी सोलून निघू शकते. त्याला मशीनच लागतं असंही नाही. अमेरिकेतला टीव्ही सूत्रसंचालक जिमी फॅलन 2015 मध्ये घरातच अडखळून पडला, अंगठी अडकली आणि बोट वाचवायला सहा तासांची शस्त्रक्रिया करावी लागली. हल्ली ताण आला की तुटणाऱ्या सिलिकॉनच्या अंगठ्या मिळतात. जिमला, ट्रेकला ठीक आहेत. लेथवर त्याही नकोत.

त्यामुळे "रोज नाही" हे मला टाळाटाळीचं उत्तर वाटत नाही. सुट्टीच्या दिवशी, लग्नकार्यात, तुझ्यासोबत बाहेर पडताना घालशील ना, एवढं विचार. त्यावरही आढेवेढे घेतले तर मला पुन्हा लिही.

मंगळसूत्र-जोडव्यांचं तू म्हणतेस ते शंभर टक्के खरं. बाईचं लग्न गळ्यात, पायात, कपाळावर दिसावं लागतं आणि पुरुषाचं कुठेच दिसलं नाही तरी चालतं. पण त्याची भरपाई त्याच्या बोटाकडून कशाला मागतेस? जोडवी बुटात रुतत असतील, कामावर मंगळसूत्र नको वाटत असेल, तर तेही आत्ताच सांगून टाक. स्वतःला सूट घेणारा तुला सूट देताना कुरकुरला, तर ते मात्र तपासण्यासारखं आहे.

आणि आता ते वाक्य, जे तू "शिवाय" म्हणून उरकलंस. मला सगळ्यात खटकलं ते तेच. होणाऱ्या सासूबाईंनी वजन सांगायचं आणि तुझ्या बाबांनी हप्ते फेडायचे? हुंडा प्रतिबंधक कायदा 1961 सालचा आहे. लग्नासाठी मागून घेतलेली मौल्यवान वस्तू त्यात हुंड्यातच मोडते, तिला जावयाची हौस म्हटलं तरी. रीतीप्रमाणे आपखुशीने दिलेल्या भेटीची गोष्ट वेगळी, आणि तीही देणाऱ्याच्या ऐपतीला धरून असायला हवी. ही मागणी त्याच्या कानावर तरी आहे का? मुलं पुष्कळदा "ते मोठ्यांचं मोठे बघतील" म्हणून हात झटकतात. याला झटकू देऊ नकोस.

खरं तर त्याच्या हाताला तोळ्याची अंगठी सोयीचीही नाही. सारखी काढ-घाल होणार. जाड, नक्षीदार, खड्याची अंगठी हवी कुणाला? पाच ग्रॅमच्या आसपास, 22 कॅरेटची, बिनखड्याची गोल पट्टी घ्या, कडा आतून गोलसर केलेली. साध्या घडणीला मजुरीही कमी लागते. हिऱ्याचा हट्ट असेल तर तुझ्या अंगठीत पुरव, आणि ती 18 कॅरेटमध्ये घे. 22 कॅरेट सोनं मऊ, त्यात हिऱ्याची पकड सैल होते. अंगठीच्या आतल्या बाजूला बीआयएसचं (भारतीय मानक ब्युरोचं) चिन्ह, शुद्धता (22 कॅरेटला 916, 18 ला 750) आणि सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा स्वतंत्र ओळख क्रमांक, असे तीन छाप भिंगातून बघून घ्या. 1 एप्रिल 2023 पासून हा क्रमांक बंधनकारक आहे. 'बीआयएस केअर' अ‍ॅपवर टाकला की दुकान आणि शुद्धता समोर येते. बिलात सोन्याचं वजन, दर आणि घडणावळ वेगळी लिहून मागा. ओळखीचा सराफ म्हणून संकोच करू नका; ओळखीच्याकडेच बिल मागायचं राहून जातं.

माप संध्याकाळी घ्या, दोघांचंही. सकाळी बोटं आकसलेली असतात, तेव्हा घेतलेली अंगठी मे महिन्यात रुतते. पेरावरून जाताना जरा अडली पाहिजे, पण साबण लावावा लागू नये. रुंद पट्टी तेवढ्याच मापात घट्ट बसते, म्हणून ती किंचित मोठी घ्या.

पण सराफाकडे जायच्या आधी त्याला एकट्याला भेट आणि तोळ्याचा विषय काढ. बाबांनी पतपेढीच्या कागदांवर सही करायच्या आत.

– ताई