क्रोम एक्स्टेन्शनचा सर्व्हिस वर्कर (पडद्याआड चालणारा त्याचा कोड) थोड्या वेळाने बंद पडतो. तो सतत चालू कसा ठेवायचा?

तुमचं एक्स्टेन्शन दर दहा मिनिटांनी सर्व्हरला विचारून नोटिफिकेशन दाखवतं, त्यासाठी 'सेटइंटरव्हल' हा ठरावीक वेळाने पुन्हा पुन्हा वाजणारा टायमर लावलाय, आणि इन्स्पेक्ट करून बघायला गेलं की सगळं व्यवस्थित चालतं, असं तुम्ही लिहिलंय. खरी खूण त्या शेवटच्या वाक्यातच आहे. डेव्हटूल्स, म्हणजे इन्स्पेक्ट केल्यावर उघडणारी तपासणीची खिडकी, उघडे असेपर्यंत क्रोम वर्करला बंद करत नाही. माझ्या पहिल्या एक्स्टेन्शनच्या वेळी याच गोष्टीपायी माझ्या दोन रात्री गेल्या, म्हणून आधी तेच सांगतोय.

मॅनिफेस्ट व्ही३ मध्ये (एक्स्टेन्शन्ससाठीच्या क्रोमच्या सध्याच्या रचनेत) ३० सेकंद काही काम नसलं की वर्कर बंद होतो. त्याच्याबरोबर टायमरही जातात आणि ग्लोबल व्हेरिएबल्सही. दहा मिनिटांचा टायमर वाजायची वेळ येतच नाही.

दर २०-२५ सेकंदांनी उगाच एखादा एपीआय कॉल (क्रोमच्या एखाद्या सोयीला कोडमधून हाक) करून वर्कर जागा ठेवायचा उपाय तुम्हाला सापडलाच असेल. क्रोम ११० पासून प्रत्येक कॉलला ते ३० सेकंद नव्याने मोजले जातात, त्यामुळे तो चालतो. तरी करू नका. दोन सेकंदांच्या कामासाठी लोकांच्या लॅपटॉपवर दिवसभर एक प्रोसेस अडवून ठेवणं मला पटत नाही. शिवाय वर्कर क्रॅश झाला की सगळी माहिती जाते ती जातेच.

त्याऐवजी 'अलार्म्स' एपीआय वापरा. वेळ झाली की क्रोमच वर्करला उठवतो. क्रोम १२० पासून अगदी ३० सेकंदांचा अलार्मही लावता येतो. मात्र लिसनर (अलार्म वाजल्यावर चालणारा कोड) फाइलमध्ये सगळ्यात वरच्या पातळीवर नोंदवा. 'अवेट'नंतर (दुसरं काम संपायची वाट बघून) किंवा एखाद्या कॉलबॅकच्या (मागाहून चालणाऱ्या फंक्शनच्या) आत नोंदवलात, तर वर्कर उठेल पण इव्हेंट हुकेल. ब्राउझर पुन्हा सुरू झाल्यावर अलार्म टिकेलच याची खात्री नसते, म्हणून वर्कर सुरू होताना तो आहे का बघा, नसेल तर परत लावा.

व्हेरिएबल्समधली माहिती 'स्टोरेज'मध्ये हलवा. ब्राउझर बंद होईपर्यंतच लागणारी 'सेशन'मध्ये, कायमची 'लोकल'मध्ये.

वेबसॉकेट (सर्व्हरशी सतत उघडी राहणारी जोडणी) असेल तर गोष्ट वेगळी. क्रोम ११६ पासून त्यावरच्या संदेशांनी वर्कर जिवंत राहतो, तिथे दर २० सेकंदांनी छोटा संदेश पाठवणं रास्त आहे. आवाज वाजवायचा असेल तर ऑफस्क्रीन डॉक्युमेंट, म्हणजे एक्स्टेन्शनचं न दिसणारं पान, वापरा.

तपासताना डेव्हटूल्स बंद ठेवा. 'सर्व्हिसवर्कर-इंटर्नल्स' या क्रोमच्या आतल्या पानावर जाऊन वर्कर 'स्टॉप' करा आणि पुढच्या अलार्मला नोटिफिकेशन येतं का बघा.