सही जुळते आहे तोवर

सोलापूर, रविवार

बाळा, अनेक आशीर्वाद.

परवा टिळक चौकात घाईत भेटलास. म्हणालास, "काकू, बाबांना ५४व्या वर्षी अल्झायमर झाला, म्हाताऱ्यांचा आजार." म्हाताऱ्यांचा म्हणू नकोस. १९०१ साली फ्रँकफुर्टच्या इस्पितळात डॉ. अल्झायमरांसमोर जी बाई आली, ती ५१ वर्षांची होती. या आजाराची पहिली नोंद तिचीच. पासष्टीच्या आत सुरू झाला तरी आजार तोच. घराची मात्र तारांबळ उडते. कर्ता माणूस, डोक्यावर कर्ज, तुझं शिक्षण अर्ध्यात.

या वयात सुरुवात विसरण्यानेच होते असंही नाही. आमचे हे यंत्रमागावर जॉबर. नुसत्या आवाजावरून मागाचं दुखणं सांगणारा माणूस, पण पगाराच्या नोटा तीन-तीनदा मोजायला लागला. ताटातली वाटी समोर असून सापडायची नाही. लोक म्हणाले, पितो की काय. आम्ही दीड वर्ष चष्म्याचे नंबर बदलत बसलो, लिंबूही उतरवून झालं. तुम्ही बी-१२, थायरॉईड आधीच तपासलंत, बरं केलंत. गोळ्या चालू ठेवा. त्यांनी आजार थांबत नाही, काहींना थोडे दिवस सावरायला होतं.

आता मुद्द्याचं. पैशाचं आत्ताच बोल, आणि बाबांशीच बोल.

"यांना कशाला त्रास" म्हणून मी गप्प राहिले. शेवटी बँकेत गेलो तर सही जुळेना. तीन कागदांवर करायला लावली, तिन्ही वेगळ्या. हे माझ्याकडे बघून हसले, पाटीवर चुकलेलं पोर हसतं तसं. मुखत्यारपत्र करू म्हटलं, तर वकील म्हणाले, माणसाची समज गेली की आपल्या कायद्यात तेही संपतं. म्हणजे ज्या कागदावर लोक निर्धास्त असतात, तो ऐनवेळी कामाचा नाही. तेव्हा खातं आईच्या जोडनावावर घ्या, नॉमिनी लावा, मृत्युपत्र डॉक्टरांच्या दाखल्यासकट आत्ता करून ठेवा. पण बाबांच्या पाठीमागे काही नको. सकाळी ते ताजे असतील तेव्हा बस त्यांच्यापाशी, संध्याकाळी बावरतात. एका बैठकीत एकच कागद. घर कुणाला द्यायचं ते त्यांना सांगू दे, विटा त्यांनी रचल्यात. लोक तुला हिशेबी म्हणतील. म्हणू देत.

"मलाही होईल का" हे तू विचारलं नाहीस, पण तोंडावर दिसत होतं. बहुतेकांत हा असा थेट उतरत नाही. मोजक्या घराण्यांत उतरतो, आणि तिथे दर मुलाला शक्यता निम्मी. बाबांच्या आईवडिलांत, भावंडांत कुणाला पन्नाशीतच असं झालं होतं का, ते आठवून डॉक्टरांना सांग. जनुकांची तपासणी करायचीच तर आधी समुपदेशन घे. मोबाइलवर रात्रभर वाचून ठरवू नकोस.

गड्ड्याला, सिद्धेश्वराच्या जत्रेला, नेणार असाल तर अक्षता सोहळ्याच्या गर्दीत नको. आम्ही नेलं, हात सुटला, आणि हरवलेल्या पोरांच्या नावांत माइकवर यांचं नाव पुकारलं गेलं. छप्पन्न वर्षांचा बाप्या! मला तेव्हा हसूच फुटलं, खरं सांगते. रडले घरी येऊन. आडवारी सकाळी तळ्याकाठी न्या, खिशात फोन नंबराची चिठ्ठी ठेवा.

आणि "मी कोण, ओळखा बरं" हे विचारणं बंद कर. आपणच नाव सांगून बसावं. डोक्यातून गेलेलं हातात पुष्कळ दिवस राहतं. यांना माझं नाव आठवेना तेव्हाही टॉवेलची घडी काठाला काठ लावून घालायचे. रात्री मी सगळे उलगडून ठेवायचे, सकाळी पुन्हा घालायला.

बुधवारी साडेदहाला येते. आईला दोन तास बाहेर पाठव, कुठे चाललीस ते विचारू नकोस. घरात जुने टॉवेल असतील ते काढून ठेव.

तुझी,
काकू