आधुनिक पाश्चात्त्य मूल्यं खरंच ख्रिस्ती धर्मातून आली आहेत का?

काही अंशी हो, पण त्यातली बरीचशी चर्चशी भांडूनच रुजली. गुलामगिरीबंदीचंच घ्या. लंडनमध्ये १७८७ साली गुलामांच्या व्यापाराविरुद्ध जी समिती उभी राहिली, तिच्या १२ संस्थापकांपैकी ९ जण क्वेकर या छोट्या ख्रिस्ती पंथाचे होते. ब्रिटिश संसदेत वर्षानुवर्षं हा प्रश्न लावून धरणारा खासदार विल्बरफोर्सही श्रद्धाळू ख्रिस्ती. पण त्याच शतकात बार्बाडोस या कॅरिबियन बेटावरचा कॉड्रिंग्टन ऊसमळा चर्च ऑफ इंग्लंडच्याच धर्मप्रसारक संस्थेच्या मालकीचा होता, आणि तिथल्या गुलामांच्या छातीवर एके काळी 'सोसायटी' ही अक्षरं तापल्या लोखंडाने डागली जात. बायबल दोन्हीकडे एकच! म्हणून सगळं श्रेय धर्माला देणं मला पटत नाही. धर्मस्वातंत्र्याचं तर उलटंच झालं: अमेरिकेच्या राज्यघटनेत ते १७९१ पासून आहे, पोप पायस नववे यांनी १८६४ मध्ये ते नाकारलं, आणि कॅथलिक चर्चने मान्य केलं थेट १९६५ मध्ये, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत, म्हणजे जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या सभेत. मात्र 'हे सगळं निधर्मी विचारवंतांनी केलं' असंही म्हणू नये. अमेरिकेतल्या त्या तरतुदीसाठी झटणाऱ्यांत सरकारमान्य चर्चच्या जाचापायी तुरुंगात गेलेले व्हर्जिनियातले बॅप्टिस्ट या ख्रिस्ती पंथाचे धर्मोपदेशकही होते.