ज्वारीचा जीन भाताच्या जीनशी जुळला, मग काम तेच समजायचं का?

ताई, तुम्ही विचारलंय की ज्वारीचा एक अनोळखी जीन ब्लास्टमध्ये, म्हणजे क्रम जुळवून बघायच्या संगणकी साधनात, भाताच्या जीनशी ७२ टक्के जुळायलाय, तर थिसिसमध्ये काम तेच लिहून टाकू का. एवढ्यात नका लिहू. जुळणीवरून नातं हाय एवढंच कळतं, सख्खं (दोन्हीकडं एकाच मूळ जीनमधून आलेला) का चुलत (मागं नक्कल होऊन वेगळा झालेला) ते नाही कळत, अन् चुलत निघालं तर काम निराळं असू शकतं.

आधी शेजार बघा. भात अन् ज्वारी वेगळी होऊन साधारण ५ कोटी वर्षं झाली तरी जीनचा क्रम लांबलांब पट्ट्यात तसाच टिकलाय. आजूबाजूचे आठ-दहा जीन दोन्हीकडं त्याच ओळीत दिसले तर सख्खं धरा. अंतर मोजत बसू नका, ज्वारीचा जीनोम, म्हणजे सगळा डीएनए मिळून, ७३ कोटी अक्षरांचा अन् भाताचा ३९ कोटींच्या आसपास, मधली जागा पुनरावृत्तीनं फुगलेली हाय. मका घेतला तर जपून, त्याचा अख्खा जीनोम मागं एकदा दुप्पट झालाय, म्हणून तिथं बऱ्याचदा एकाला दोन जोडीदार सापडतात.

पण मला विचाराल तर सारखेपणापेक्षा जीन कुठं मोडलाय ते बघा, काम तिथं कळतं. फेब्रुवारीत आमच्या परभणीकडं मालदांडीचं वाळलेलं कणीस हातात घ्या, हलवलं तरी दाणा पडत नाही, तळहातावर चोळावं लागतं. बांधावरच्या रानज्वारीला नुसता धक्का लागला की दाणे मातीत. २०१२ मध्ये शॅटरिंग-१ नावाचा जीन सापडला, रानज्वारीत तो धड असतो अन् पेरायच्या ज्वारीत मोडलेला, तोही एका जागी नाही, तीन वेगवेगळ्या बदलांनी. भातात अन् मक्यातही त्याच जीनचे सख्खे भाऊ दाणे गळण्याशी जोडलेले निघाले. जुन्या काळच्या शेतकऱ्यांनी न गळणारी कणसंच बियाण्याला ठेवली, त्याची खूण जीनमध्ये अशी उमटलीय, मला तर हे वाचून त्या रात्री झोप नव्हती.

तर तुमच्या जीनसाठी रानज्वारीतल्या त्याच जीनचा अक्षरक्रम काढून ताडून बघा, तुमचा जीन मुळांत, पानात का कणसात चालू असतो ते तपासा, म्यूटंट, म्हणजे तो जीन बिघडलेलं झाड, मिळालं तर सोन्याहून पिवळं. तोवर थिसिसमध्ये ‘संभाव्य कार्य’ असंच लिहा, अन् शेजारच्या जीनचा तक्ता सोबत जोडा, परीक्षक पहिले तेच विचारतात.