क्लायंटच्या ऑडिटसाठी अंधेरीतल्या आमच्या आठ जणांच्या टीमला गिटमध्ये (कोडमधले बदल नोंदवणारी प्रणाली) साइन्ड कमिट, म्हणजे डिजिटल सही असलेल्या बदलांच्या नोंदी, लावायचे आहेत. त्यासाठी जीपीजी हे सहीचं जुनं टूल शिकावंच लागेल का?

नाही. गिट २.३४ पासून, म्हणजे नोव्हेंबर २०२१ पासून, एसएसएच कीनेच (सर्व्हरला ओळख पटवणारी किल्ल्यांची जोडी) कमिट साइन करता येतात, आणि पुश करण्यासाठी, म्हणजे कोड सर्व्हरवर पाठवण्यासाठी, ती तुमच्यापैकी बहुतेकांकडे असेलच. छोट्या टीमला मी हाच मार्ग सुचवतो.

क्लायंटच्या ऑडिटसाठी करतोय, असं तुम्ही म्हणता. पण ऑडिट नसतं तरी करा. कमिटवर नाव आणि ईमेल कॉन्फिगमध्ये जे असेल ते येतं, पाकिटावर पाठवणाऱ्याचं नाव कुणीही लिहावं तसं. मार्च २०२१ मध्ये पीएचपी या प्रोग्रॅमिंग भाषेच्या स्वतःच्या गिट सर्व्हरवर तिचे निर्माते रास्मुस लेरडॉर्फ आणि डेव्हलपर निकिता पोपोव्ह यांच्या नावांनी बॅकडोर (कोडमधला छुपा चोरदरवाजा) पुश झाला, आणि मेसेज काय, तर टायपो दुरुस्त केला! दोघांचाही त्यात हात नव्हता.

सुरुवात मात्र सहीपासून नको. आधी सगळ्यांच्या गिटहब (कोड ठेवण्याची साइट) अकाउंटवर टू-फॅक्टर, म्हणजे पासवर्डसोबत ओळखीचा दुसरा पुरावा, लावा, शक्यतो एसएमएसऐवजी ऑथेंटिकेटर ॲप किंवा सिक्युरिटी की. मग प्रत्येकाने आपल्याच लॅपटॉपवर ईडी२५५१९ प्रकारची एसएसएच की बनवायची, पासफ्रेज घालूनच. अंधेरी-विरार लोकलमध्ये बॅग गेली, तर चोर आणि तुमचा कोड यांच्यामध्ये डिस्क एन्क्रिप्शन आणि तो पासफ्रेज एवढंच उरतं.

गिटच्या कॉन्फिगमध्ये तीन गोष्टी लागतात: सहीचा फॉरमॅट एसएसएच, साइनिंग की म्हणून पब्लिक कीचा पाथ, आणि प्रत्येक कमिट आपोआप साइन व्हावा ही सेटिंग. या शेवटच्या सेटिंगच्या नावात जीपीजी दिसेल, पण ती एसएसएचलाही चालते. बहुतेक जण अडकतात ते पुढे. पुशसाठी गिटहबवर आधीच टाकलेली की सहीसाठी धरली जात नाही. तीच की ‘साइनिंग की’ म्हणून पुन्हा टाकावी लागते. कमिटमधला ईमेलही अकाउंटवर व्हेरिफाय केलेला हवा, नाहीतर हिरवा ‘व्हेरिफाइड’ शिक्का येत नाही.

आठही जणांचे शिक्के दिसू लागले की मगच मेन ब्रांचवर, म्हणजे कोडच्या मुख्य शाखेवर, साइन्ड कमिट सक्तीचे करा. बदल मेनमध्ये आणायला गिटहबवरचं ‘रीबेस अँड मर्ज’ वापरत असाल तर सावध, कारण त्यात गिटहब कमिट नव्याने बनवतं आणि तुमची सही उरत नाही. स्क्वॉश मर्ज (सगळे कमिट एकात गोळा करणारा) गिटहब स्वतःच्या कीने साइन करतं.

क्लायंटला एक गोष्ट स्पष्ट सांगा: सही कोड कोणाच्या कीने आला ते दाखवते, तो चांगला आहे का ते नाही. २०२४ मध्ये एक्सझेड या फाइल लहान करणाऱ्या ओपन-सोर्स टूलमध्ये बॅकडोर घातला तो विश्वास कमावून मेंटेनर (प्रकल्प सांभाळणारा) झालेल्यानेच. म्हणून मेनमध्ये जाण्याआधी दुसऱ्या माणसाचा रिव्ह्यूही त्याच दिवशी सक्तीचा करा.