रोटरी क्लबात नवे सभासद येतात, पण वर्षभरात गळतात. काय करावं?

तुम्ही लिहिलंय की तालुक्याच्या गावी तुमचा रोटरी क्लब आहे, दरवर्षी नवी माणसं येतात आणि पुढच्या जूनपर्यंत त्यातली बरीचशी दिसेनाशी होतात, तर सभासद वाढवायची मोहीम कशी घ्यावी. मी सेवाभावी क्लबांत सेक्रेटरी म्हणून आणि पुढे मेंबरशिप कमिटीत बरीच वर्षं काम केलंय. मला मनापासून वाटतं की यंदा मोहीम घेऊच नका. आलेली माणसं का जातात ते आधी बघा.

रोटरीचं वर्ष १ जुलैला सुरू होतं. प्रेसिडेंट बदलतो, इन्स्टॉलेशन म्हणजे नव्या पदाधिकाऱ्यांचा पदग्रहण समारंभ होतो, डिस्ट्रिक्टकडून (रोटरीतला अनेक क्लबांचा गट) मेंबरशिप वाढवण्याचा आग्रह होतो. अशा वेळी कोणी मित्राला गळ घालतो, कोणी भावाचं नाव देतो. शिवाय क्लबाला प्रत्येक सभासदामागे रोटरी इंटरनॅशनलकडे ड्यूज (वर्गणी) जुलै आणि जानेवारीत भरायचे असतात, त्यामुळे न येणाऱ्यांची नावं काढून जूनअखेर यादी साफ होते. गळतीचा एक भाग हा एवढाच आहे: ती माणसं मुळात यायचीच नव्हती.

दुसरा भाग जास्त दुखणारा आहे, कारण ती माणसं खरंच काही करायला आलेली असतात. त्यांना पिन लावतात, फोटो काढतात, टाळ्या वाजतात. पुढच्या मीटिंगला जुने मित्र आपापल्या टेबलावर, नवा माणूस मागच्या खुर्चीत. अर्धा वेळ सत्कारात जातो. महिनाभराने त्याला क्लबचा पहिला व्यक्तिगत मेसेज येतो तो वर्गणीचा. असा माणूस सोडून गेला तर ‘त्याला वेळच नव्हता’ असं आपण म्हणतो, ते मला पटत नाही.

नव्या माणसाला पहिल्या महिन्यातच काम द्या, आणि काम असं द्या की ते त्याच्यावाचून अडेल. एक उदाहरण सांगते. आमच्याकडे नेत्रतपासणी शिबिर होतं. मोतीबिंदूचे पेशंट निवडायचे, नातेवाइकासह गाडीत बसवून हॉस्पिटलला पाठवायचे, इथवर सगळे उत्साहात असतात. ऑपरेशननंतर घरी गेलेल्या म्हाताऱ्या माणसांना थेंब वेळेवर पडतात का, हे विचारायला कोणी उरत नाही. ती यादी आम्ही मेडिकल दुकान असलेल्या एका नव्या सभासदाकडे दिली. तो रोज दुपारी, गिऱ्हाईक कमी असताना, फोन लावायचा. एक आजी म्हणाल्या, ‘बाटली सांडली रे बाबा, आता काय घालू?’ त्याने डॉक्टरांना विचारून दुसरी बाटली एसटीच्या कंडक्टरबरोबर गावी पोचवली. पुढच्या मीटिंगमध्ये त्याने हे सांगितलं तेव्हा सगळे ऐकत होते. तो आजही क्लबात आहे, आणि शिबिराची तारीख आता तोच ठरवतो.

कामाइतकीच ओळखही लागते. १९०५ मध्ये शिकागोत पॉल हॅरिस नावाच्या वकिलाने तीन ओळखीच्यांना घेऊन रोटरी सुरू केली, ती त्या मोठ्या शहरात मैत्री हवी म्हणून. पाळीपाळीने एकमेकांच्या ऑफिसात जमायचे. समाजकार्य त्यानंतर आलं. तुम्हीही दर महिन्याला एक मीटिंग एखाद्या सभासदाच्या दुकानात, शाळेत, गोठ्यावर घ्या. माणूस काय करतो ते डोळ्यांनी दिसलं की बोलणं आपोआप सुरू होतं, आणि हॉटेलचा खर्चही वाचतो. दर आठवड्याला जेवणासह मीटिंग झालीच पाहिजे असा आता नियम नाही. २०१६ पासून क्लबांना बरीच मोकळीक आहे, महिन्यात दोनदा भेटलात तरी चालतं.

वेळेचा विचार बायकांच्या बाजूनेही करा. रोटरीत बायकांना १९८९ पासून सभासदत्व आहे, पण रात्री साडेआठला सुरू होऊन साडेदहाला संपणारी मीटिंग ठेवली तर तालुक्याच्या गावातली शिक्षिका किंवा बँकेत काम करणारी बाई कशी येणार? रविवारी सकाळी चहा-पोह्यांवर ठेवून बघा.

नवी माणसं शोधताना श्रीमंतांची यादी काढू नका. तुमच्या कार्यक्रमांत न बोलावता राबणारे आधीच असतात: शिबिरासाठी वर्ग उघडून देणारे मुख्याध्यापक, रक्तदानाला दरवेळी चार पोरं घेऊन येणारा गॅरेजवाला, रोटरॅक्टमधून, म्हणजे रोटरीच्या तरुणांच्या क्लबातून, मोठी झालेली मुलं. त्यांना आधी दोन-तीन कार्यक्रमांना बोलवा, मग विचारा.

आणि फॉर्म देण्याआधी वर्षाचा सगळा खर्च एका कागदावर लिहून द्या. प्रवेश फी आणि वर्गणी तर सगळेच सांगतात. इन्स्टॉलेशनचं जेवण, कॉन्फरन्सचं रजिस्ट्रेशन, अधूनमधून निघणाऱ्या वर्गण्या हेही लिहा, आणि त्यातलं ऐच्छिक काय तेही. हप्त्याने भरता येत असेल तर तसं स्पष्ट सांगा. गेल्या वर्षी सोडून गेलेल्यांपैकी दोघा-तिघांच्या घरी प्रेसिडेंटने स्वतः जाऊन हा कागद दाखवावा आणि काय खटकलं ते विचारावं. बाजू मांडत बसू नये, नुसतं ऐकून लिहून घ्यावं.